बिल विचारल्याने अब्रू जात नाही



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. आधी पाऊस, मग दिवाळी, मग पाहुणे. शिवाय डोळ्यांचा नंबर वाढलाय, फार वेळ टंकवत नाही. पण मागच्या आठवड्यात घरी सत्यनारायण होता, तेव्हा एक वाक्य कानावर पडलं आणि ते काही केल्या डोक्यातून जाईना. तेव्हा आज लिहूनच टाकते.

जेवणं झाल्यावर पडवीत सगळे सुपारी कातरत बसले होते. विषय निघाला गेल्या वर्षीच्या ह्यांच्या ऑपरेशनचा. तेव्हा धाकटे भावोजी सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, बाकी सगळं ठीक, पण तुम्ही त्या इस्पितळात बिल घेऊन पेन्सिलीने टिका करत बसलात ना, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे मोठे डॉक्टर, आणि आपण भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसं...! झाकली मूठ ठेवायची असते."

सगळे हसले. मीही हसले. पाहुण्यांदेखत काय बोलणार? पण भावोजी मी लिहिलेलं नेमाने वाचतात. तेव्हा त्यांना माझं उत्तर इथेच देते. भावोजी, राग मानू नका. तुमच्यावर माया आहे म्हणूनच एवढं लिहिते आहे.

आधी काय घडलं ते सांगते, कारण अर्ध्या नातेवाइकांना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

गेल्या वर्षी आषाढात मागीलदारच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. हे पहाटे चूळ भरायला गेले आणि घसरले. वय अठ्ठ्याहत्तर. खेडात फोटो काढला, खुब्याचं हाड मोडलेलं. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे सांगितलं की वयाकडे बघता मोठ्या शहरात न्या. तसं नेलं. शहराचं आणि इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. ऑपरेशन उत्तम झालं, हे आज काठी घेऊन बाजारापर्यंत जाऊन येतात. ज्या सर्जननी हात लावला त्यांना मी मनापासून नमस्कार केला आहे.

दाखल करताना पन्नास हजार अनामत भरली. चार-पाच कागदांवर सह्या केल्या. छत्तीस वर्षं मुलांना "वाचल्याशिवाय सही करू नका" असं शिकवणारी मी, एकही कागद न वाचता सह्या केल्या! माणूस विव्हळत असतो तेव्हा वाचायचं कुणाला सुचतं?

नऊ रात्री राहिलो. दहाव्या दिवशी सकाळी बिल आलं. एक पान. तीन लाख बारा हजार चारशे पन्नास. त्यात मोठमोठ्या सात-आठ रकमा, त्यातली एक "कन्झ्युमेबल्स व इतर" अशी अठरा हजार पाचशेची. चिरंजीव पैसे भरायला निघाले होते. मी म्हटलं, थांब. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "बाळा, याचा तपशील दे." तो म्हणाला, "आजी, हे कॉम्प्युटरचं बिल आहे, यात चूक नसते." मी म्हटलं, "कॉम्प्युटरला आकडे माणसानेच दिले ना?"

दीड तास बसवून ठेवलं. चिरंजीव सारखे म्हणत होते, "आई, आता पुरे, गाडी थांबलीये." भावोजी दूर जाऊन उभे राहिले, जणू ही बाई आपली कुणी नव्हेच! शेवटी अकरा पानांचा तपशील आला. मी पर्समधून पेन्सिल काढली आणि पाचवीच्या मुलांना शिकवायचे तसा ताळा करायला घेतला.

खोलीचं भाडं दहा रात्रींचं लावलेलं. आम्ही नऊ रात्री होतो. फरक साडेचार हजार. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या नऊ भेटी, दर आठशे. प्रत्यक्षात ती पोरगी पाच वेळा आली. पहिले दिवस तर ह्यांना हलवायलाच बंदी होती! फरक बत्तीसशे. न वापरलेली इंजेक्शनं आम्ही औषधाच्या दुकानात परत केली होती, त्याची चिठ्ठी माझ्या पर्समधे होती, सहा हजार एकशे चाळीसची. ती वजाच केलेली नव्हती. आणि त्या अठरा हजार पाचशेच्या "इतर"मधल्या वस्तूंची बेरीज भरली अकरा हजार दोनशे साठ. बाकीच्या सात हजार दोनशे चाळीसचं काय, ते कुणालाच सांगता आलं नाही.

एकूण एकवीस हजार ऐंशी रुपये. बिल कमी झालं. कुणी माफी मागितली नाही, कुणी भांडलंही नाही. नवा कागद छापून दिला, एवढंच.

तर भावोजी, ही ती घासाघीस. मी एक रुपया सूट मागितली नाही. जे घेतलं नाही त्याचे पैसे देणार नाही, एवढंच म्हटलं. किराणावाल्याने आठ किलो तांदूळ देऊन दहा किलोचे पैसे लावले तर तुम्ही गप्प बसाल? तुम्ही! ज्यांनी बांधाच्या एका फुटासाठी मोजणी आणली होती!

आपल्याकडे कोर्टकचेरीत, जमिनीत, लग्नातल्या मानपानातसुद्धा हिशेब मागायला कुणाला लाज वाटत नाही. इस्पितळातच का वाटते? माझं उत्तर असं: कारण तिथे आपण घाबरलेलो असतो, आणि त्या भीतीला आपण "आदर" असं चांगलं नाव देतो. माणूस आत आहे, त्यांच्या हातात आहे, आपण बोललो तर राग त्याच्यावर निघेल, ही खरी भीती. अब्रू वगैरे नंतर सुचतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि वर त्याला खानदानीपणा म्हणायचं!

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. ही गोष्ट भावोजींनाही माहीत नाही.

तिथे पाण्याच्या नळाशी एक बाई भेटायची. तिशीची असेल. नवरा गवंडीकाम करणारा, परांचीवरून पडला होता, जनरल वॉर्डात होता. सोमवारी डॉक्टरांनी त्याला घरी जायला सांगितलं. पण बिलात अडतीस हजार कमी पडत होते. पैसे भरल्याशिवाय सोडणार नाही, असं सांगण्यात आलं. ती सोमवार, मंगळवार तिथेच बसून. आणि त्या दोन दिवसांचं खाटेचं भाडं बिलात वाढतच होतं! बुधवारी तिच्या भावाने तिचंच सोनं कुठेतरी गहाण ठेवून पैसे आणले, तेव्हा ते गेले.

मी त्या दोन दिवसांत तिला काय सांगितलं? "होईल गं सगळं नीट, देवावर भरवसा ठेव." घरून आणलेली पेज आणि मेतकूट दिलं. एवढंच. कारण मलाच काही माहीत नव्हतं. शाळेत शिकवणारी, बी.ए. झालेली बाई मी, आणि मला माहीत नव्हतं की असं माणूस अडवून ठेवता येत नाही.

घरी आल्यावर ह्यांची तब्येत जरा सावरली आणि मी वाचायला घेतलं. नातवाने शोधून दिलं, मी वहीत उतरवलं. ते तुमच्यापुढे ठेवते.

पैसे थकले म्हणून रुग्णाला डांबून ठेवणं बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली एका प्रकरणाच्या सुनावणीत बजावलं. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१७ साली तेच म्हटलं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली, केंद्र सरकारने ती २०१८ च्या ऑगस्टमधे लोकांपुढे मांडली. तिच्यात सतरा हक्क आहेत. बिलावरून वाद असला तरी रुग्णाला घरी जाता आलं पाहिजे, आणि माणूस गेला तर देह नातेवाइकांच्या ताब्यात मिळालाच पाहिजे, हाही त्यातला एक हक्क. याचा अर्थ देणं बुडवायचं असा नव्हे. इस्पितळाला आपले पैसे कायद्याच्या मार्गाने वसूल करता येतात. पण माणूस म्हणजे तारण ठेवायचं सोनं नव्हे.

हे आपल्या राज्यातही आहे. आपल्याकडे नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ सालचा. त्याच्या नियमांत १४ जानेवारी २०२१ ला बदल झाले. त्याप्रमाणे प्रत्येक खाजगी इस्पितळाने रुग्णहक्कांची सनद आणि नेहमीच्या सेवांचं दरपत्रक दिसेल असं लावायचं आहे. तक्रार घेण्यासाठी नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे कक्ष असायला हवा. आपल्यासारख्या जिल्ह्यात सुरुवात करायची ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयापासून. मी मागच्या महिन्यात डोळे तपासायला आणि दात काढायला अशी तीन ठिकाणी गेले. भिंतीवर गणपती होता, कॅलेंडर होतं, "शांतता राखा" होतं. सनद कुठे दिसली नाही. तुमच्या गावात दिसते का, जरूर कळवा.

आता काही जण म्हणतील (मागे एका पोस्टवर एकांनी लिहिलंही होतं) की बाई, कायदे कागदावर असतात. दर ठरवून दिले तर इस्पितळं बंद पडतील, असं कधी होतं का?

होतं. आपल्या डोळ्यांसमोर झालंय. करोनाच्या वेळी, २१ मे २०२० ला, राज्य सरकारने खाजगी इस्पितळांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साधी खाट दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभाग ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. पुढच्या वर्षी जूनपासून शहरं आणि गावं अशी वर्गवारी केली. मोठ्या शहरांना तेच दर, आणि लहान गावांच्या क वर्गात २,४००, ४,५०० आणि ५,४००. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. म्हणजे मी पेन्सिलीने केलं तेच सरकारने केलं! सगळीकडे पाळलं गेलं का? नाही. पण ज्यांच्याकडून जास्त घेतलं होतं त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी नंतर अर्ज केले. नवरा गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णींसारख्या शिक्षक-कार्यकर्त्यांनी आणि जन आरोग्य अभियानाने हा प्रश्न लावून धरला. काही बायकांना पैसे परतही मिळाले. बिल आणि पावत्या जपून ठेवल्या होत्या म्हणून मिळाले. मूठ झाकून बसल्या असत्या तर काय मिळालं असतं?

दुसरं उदाहरण हृदयातल्या स्टेंटचं. लाखाच्या वर किंमत जायची. फेब्रुवारी २०१७ मधे सरकारने औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपयांची मर्यादा घातली. त्यानंतर अँजिओप्लास्टी बंद पडली का? आमच्याच आळीत चार जणांची झाली आहे.

आणि ते "कन्झ्युमेबल्स"चं प्रकरण फक्त माझ्या बिलात नाही. २०१८ साली औषधांच्या किमतींवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने दिल्लीकडच्या चार खाजगी इस्पितळांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. टक्केवारीचं गणित आवडत नसेल त्यांच्यासाठी सोपं करून सांगते: शंभर रुपयांना आणलेली वस्तू अठराशे सदतीस रुपयांना. आणि गंमत अशी की हे छापील किमतीच्या आतच बसतं, कारण छापील किंमतच फुगवलेली! म्हणून "एमआरपीनेच लावलंय आजी" हे उत्तर ऐकून गप्प बसू नका. इस्पितळातल्याच दुकानातून औषध घेतलं पाहिजे अशी सक्ती नसते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मधे हा प्रश्न राज्यांवर सोपवला, आणि त्याच वर्षी आपल्या अन्न व औषध प्रशासनाने तशा पाट्या लावायला सांगितल्या.

माझा एक विद्यार्थी आज डॉक्टर आहे. त्याला हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बाई, आमच्याही बाजूचा विचार करा. शिक्षणाला एवढा खर्च, मशिनांचे हप्ते, रात्रीअपरात्री उठायचं, आणि लोक मारायला येतात."

त्याचं खरं आहे. खेडात पूर्वी असे डॉक्टर होते की जगबुडीला पूर आला तरी कमरेएवढ्या पाण्यातून पेशंट बघायला जायचे आणि पैशांऐवजी तांदूळ घ्यायचे. आजही असे आहेत. त्यांना या लेखातला एकही शब्द लागू नाही. आणि डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांची मला घृणा आहे. त्यांच्यासाठी आपल्या राज्यात २०१० चा कायदा आहे, तो लागलाच पाहिजे. पण मी त्याला एवढंच विचारलं, "अरे, तुझी फी तू आधी सांगतोस ना?" "सांगतो की बाई." "मग झालं तर!" डॉक्टरांसाठी जी २००२ ची आचारसंहिता आहे तिच्यातही हेच लिहिलंय. फी उपचार सुरू होण्याआधी सांगावी, मधेच किंवा नंतर नाही. रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत, आणि तीन वर्षं जपावीत. हे नियम डॉक्टरांच्या परिषदेनेच केलेले आहेत, माझ्यासारख्या खवट म्हातारीने नाही. मला तर वाटतं, जिथे हिशेब उघडा असतो तिथे काचा फुटत नाहीत. माणूस हात उगारतो तो पुष्कळदा काहीच कळत नाही म्हणून.

सरकारलाही सोडता येत नाही. केंद्राने २०१० साली इस्पितळांच्या नोंदणी आणि नियमनाचा कायदा केला. आपल्या राज्याने तो अजून स्वीकारलेला नाही. स्वतःचा कायदा करू असं म्हणत किती आरोग्यमंत्री आले आणि गेले! २०२५ मधे पुण्यात दहा लाखांच्या अनामतीवरून एका गरोदर बाईचं प्रकरण झालं, ती बाई पुढे गेली. तेव्हा चार दिवस सगळे पेटून उठले. समित्या झाल्या, धर्मादाय इस्पितळांना ताकीद झाली. मग पुन्हा अळीमिळी गुपचिळी. खरं तर धर्मादाय इस्पितळांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बळ घटकांना सवलतीत, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून चालू आहे. उत्पन्नाची मर्यादा आता एक लाख ऐंशी हजार आणि तीन लाख साठ हजार. नळाशी भेटलेल्या त्या बाईला हे कुणी सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दारी गेली असती. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून सगळ्या शिधापत्रिकाधारकांना, वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे. आमच्याकडेही शिधापत्रिका आहे. ह्यांना नेताना योजनेतलं इस्पितळ कुठलं, हे मी विचारलंच नाही. ही चूक माझीच. फोन १५५३८८, फ्रिजवर लिहून चिकटवलाय.

आता नातेवाइकांसाठी, वहीत लिहून ठेवण्यापुरतं सांगते.

दाखल करतानाच अंदाजे खर्च लेखी मागा. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं बिल मागा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. मी तिथेच चुकले. एका वहीत तारखेनुसार लिहा: कोण डॉक्टर आले, किती वाजता, कुठली तपासणी झाली. औषध परत केल्याची चिठ्ठी जपा. शरीरात काही बसवलं तर त्याच्या खोक्यावरचा स्टिकर मागा. डॉक्टरांशी वाद घालू नका, बिल बनवणारे ते नसतात. कार्यालयात जा, आवाज चढवू नका, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. गाडी थांबलीच असेल तर पैसे भरा, पण पावती घ्या आणि "बिल मान्य नसताना भरले" असं अर्जात लिहा. लढाई घरी येऊनही करता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय की पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो. जिल्हा ग्राहक आयोग रत्नागिरीला आहे. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ वर फोन करून बघा.

आणि भरणे नाक्यावर हायवेला अपघात झाला, कुणी जखमी पडलाय, इस्पितळ म्हणतंय आधी पैसे किंवा आधी पोलीस, तर १९८९ पासून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: आधी उपचार. ठणकावून सांगा.

तर भावोजी, तुमच्यापुरतं शेवटचं. तुम्ही म्हणता अब्रू गेली. माझ्या मते अब्रू गेली ती त्या सोमवारी आणि मंगळवारी, त्या नळापाशी. एक बाई नवऱ्याला सोडवायला सोनं गहाण टाकत होती आणि मी, शिकलेली बाई, तिला मेतकूट देत होते. ते एकवीस हजार ऐंशी मी विसरून जाईन. ते दोन दिवस विसरत नाही. तिचं नावही विचारलं नाही मी.

देव करो आणि कुणावर वेळ न येवो. पण आली तर मला फोन करा. डोळे अधू झाले असले तरी बेरीज अजून चुकत नाही. पेन्सिल घेऊन येते. आणि भावोजी, तुम्हाला लाज वाटत असेल तर तुम्ही गाडीत बसा!

असो. फार लांबलं. पावसाळ्यात मागीलदारच्या पायऱ्या घासून घ्या, सगळ्यांनीच.